दुखणं हॉस्पिटलपर्यंत का वाहून न्यायचं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अपघाताच्या बातम्यांमुळे ‘गोल्डन अवर’ हा शब्द आता घराघरात पोचला आहे. अपघातानंतरच्या त्या पहिल्या तासात रक्तस्राव थांबवायचा, श्वास मोकळा ठेवायचा, हे लोकांना पटलं आहे. दुखण्याचं मात्र अजूनही “हॉस्पिटलात गेल्यावर बघू” असंच चालतं. मांडीचं हाड मोडलेला माणूस खड्ड्याखड्ड्याला कळवळत चाळीस-पन्नास किलोमीटर जातो. त्याचं दुखणं जागेवरच बऱ्यापैकी उतरवता येतं आणि त्यासाठी दर वेळी मॉर्फिन लागतं असं नाही, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

मॉर्फिन, फेंटानिल ही अफूच्या कुळातली औषधं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. २०१४च्या दुरुस्तीने रुग्णालयांसाठी परवान्याची वाट थोडी सोपी झाली. तरीही परवाना, कुलूप आणि प्रत्येक अँप्यूलचा (औषधाच्या कुपीचा) हिशेब हे धावत्या गाडीत सांभाळणं अवघडच. २०१८पासून ट्रॅमॅडॉल हे दुखणं थांबवणारं औषधही त्याच कायद्याखाली आलं. मग बहुतेक वेळा उरतं ते कमरेत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन, नाहीतर काहीच नाही.

यावर साधा उपाय आहे शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल. “ते तर तापाचं औषध” असं म्हणून ते बाजूला पडतं. पण हात-पाय मोडलेल्या रुग्णांमध्ये त्याची मॉर्फिनशी तुलना करणाऱ्या छोट्या चाचण्यांत ते फारसं मागे पडलेलं नाही. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेवरचे पॅरामेडिक ते शिरेतून देतात. आपल्याकडे तर १०८ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली तीच गाडीवर डॉक्टर ठेवून. म्हणजे सलाईन लावणारा हात गाडीत आहेच. गोळी इथे उपयोगी नाही: मार लागल्यावर पोटाची हालचाल मंदावते, उलटी होऊ शकते आणि पुढे भूल द्यायची असेल तर पोट रिकामं लागतं. शिरेतून दिल्यावर पाच-दहा मिनिटांत उतार पडू लागतो, तासाभरात पूर्ण गुण येतो आणि तो चार ते सहा तास टिकतो.

क्रम महत्त्वाचा आहे. श्वास आणि रक्तस्राव आधी पाहायचा. मग मोडलेला भाग वरच्या आणि खालच्या सांध्यासकट स्प्लिंटमध्ये (आधाराच्या फळीत) स्थिर करायचा, कारण हाडाची टोकं एकमेकांवर घासत असतील तर कुठलंच औषध पुरं पडत नाही. रुग्ण स्थिर असेल तर औषध चालू करून मगच त्याला स्ट्रेचरवर घ्यावं. दुखणं किती आहे ते आधी विचारून लिहावं. ‘दहापैकी किती’ हे शहरात चालतं. खेड्यातल्या आजोबांना “रुपयात किती आणे दुखतंय?” असं विचारलं की उत्तर झटकन येतं: “चौदा आणे.” पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच विचारायचं.

प्रमाण असं. बाटली १०० मिलीची, तिच्यात १००० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या वरच्या माणसाला पूर्ण बाटली, पंधरा मिनिटांत. त्याखाली किलोला १५ मिलिग्रॅम. आपल्याकडे चाळीस किलोच्या बायका कमी नाहीत. त्यांना ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिली, आणि उरलेलं फेकून द्यायचं. सर्वात वाईट चूक मुलांमध्ये होते. बारा किलोच्या मुलाला लागतात १८० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त १८ मिली. घाईत पूर्ण बाटली टांगली तर साडेपाच पट डोस जातो. म्हणून मुलाला बाटली कधीच टांगू नये. मोजून सिरिंजमध्ये काढावं आणि पंधरा मिनिटांत सावकाश द्यावं. दहा किलोच्या आतल्या बाळाचा डोस आणखी कमी असतो.

आता अडतं कुठे ते. २० थेंबांना एक मिली अशा सलाईनच्या सेटवर (नळीवर) पंधरा मिनिटांत १०० मिली म्हणजे मिनिटाला १३३ थेंब. हलत्या गाडीत ते मोजता येत नाहीत. बाटलीवरच्या रेघा पाहाव्यात, पाच मिनिटांत साधारण एक तृतीयांश उतरायला हवं. अर्ध्यावर धार थांबली तर बहुधा सेटवरचं हवेचं झाकण उघडायचं राहिलेलं असतं, नाहीतर इंट्राकॅथ (शिरेत बसवायची बारीक नळी) कोपराच्या घडीत लावल्याने हात दुमडला की बंद पडतं. ते कोपराखाली, सपाट जागी लावावं. ड्रिप चेंबर (थेंब पडतात ती कुपी) रिकामं होण्याआधी सेट बंद करावा, नाहीतर नळीत हवा शिरते. फार वेगाने दिलं तर रक्तदाब घसरू शकतो. रक्त गेलेल्या रुग्णात हे विशेष जपायचं. आणि बाटली ३० अंशांच्या वर ठेवू नये असं लेबलवरच असतं. मे महिन्यात चंद्रपूरला उन्हात उभ्या गाडीच्या कपाटात काय तापमान होत असेल, याचा विचार औषध भरणाऱ्याने करायला हवा.

डायक्लोफिनॅक वाईट औषध नाही. मुतखड्याच्या कळेला तेच सर्वात चांगलं. पण रक्तस्राव, शॉक (रक्तदाब फार खाली जाणं), किडनीचा आजार असेल तिथे ते नको. शॉकमधल्या माणसाच्या स्नायूत दिलेलं इंजेक्शन नीट शोषलंही जात नाही. पावसाळ्यात भातशेतीत घोणस चावलेल्या माणसाला तर ते अजिबात नको. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, किडनीवर घाला पडतो. त्यात सुई टोचलेल्या जागी आत रक्त साठतं आणि किडनीला दुसरा धक्का बसतो. तिथे पॅरासिटामॉलच.

पोटदुखीत औषध दिलं तर निदान चुकेल, ही समजूतही आता सोडायला हवी. दुखणं थोडं उतरलेल्या रुग्णाचं पोट सर्जनला उलट नीट तपासता येतं.

गाडीच्या पत्र्यात अडकलेला माणूस, चिरडलेला पाय, अशा वेळी पॅरासिटामॉल पुरणार नाही. तिथे केटामिन या भुलीच्या औषधाचा लहान डोस, किलोला ०.३ मिलिग्रॅमपर्यंत, १०० मिली सलाईनमध्ये पंधरा मिनिटांत, हा मार्ग आहे. साठ किलोच्या माणसाला १८ मिलिग्रॅम. तेवढंच औषध एकदम ढकललं तर माणूस भ्रमतो, घाबरतो. केटामिनवर कायद्याची बंधनं कडक आहेत आणि त्याला मॉनिटर, सक्शन (तोंडा-घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र) आणि सराव असलेला डॉक्टर लागतो. म्हणून ते ही साधनं असलेल्या प्रगत गाड्यांपुरतंच असावं.

आमची मागणी छोटी आहे. मूलभूत आणि प्रगत दोन्ही गाड्यांत या बाटल्या हव्यात, वजनानुसार मिलीचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवलेला हवा आणि केस पेपरवर दोन रकाने वाढवावेत: दुखणं किती, आणि औषध किती वाजता किती दिलं. दुसरा रकाना नसेल तर कॅज्युअल्टीत तासाभरात दुसरा ग्रॅम जातो. दोन डोसांत निदान चार तास हवेत, किडनी अधू असेल तर सहा. आणि दिवसाची कमाल मोठ्या माणसाला ४ ग्रॅम, दहा ते पन्नास किलोत किलोला ६० मिलिग्रॅम. दारू पिणाऱ्यात, कुपोषितात किंवा लिव्हरच्या रुग्णात त्याहूनही कमी.

नातेवाइकांनाही एक विनंती. गाडी येईपर्यंत चहा-पाणी देऊ नका, मोडलेला पाय चोळू नका. आणि अंगदुखीची, सर्दीची कुठलीही गोळी आधी दिली असेल तर तिची रिकामी स्ट्रिप गाडीवरच्या डॉक्टरच्या हातात द्या. डोलो, क्रोसिन, कॉम्बिफ्लाम आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच.

आपले,
आपत्कालीन सेवेत काम करणारे काही डॉक्टर