भाड्याने घेतलेल्या व्हिडिओ रिव्ह्यू संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कॅमेऱ्यांची चुकीची मांडणी, सदोष चित्रण आणि भाडे परत मिळण्याबाबत

महोदय,

कोल्हापुरातल्या पेठांच्या फुटबॉल संघांमधील सराव सामन्यांसाठी आम्ही आपल्याकडून चार कॅमेरे, रिप्ले सॉफ्टवेअर, मैदानाकडेचा मॉनिटर आणि एक ऑपरेटर असा संच भाड्याने घेतला होता. फिफाने 2024 मध्ये कोलंबियातील 20 वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात वापरलेली ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ पद्धत आम्हाला चालवून पाहायची होती. तीत वेगळा व्हिडिओ पंच नसतो. प्रत्येक प्रशिक्षकाला दोन रिव्ह्यू, म्हणजे निर्णय तपासून घेण्याच्या संधी, मिळतात, निर्णय बदलला तर रिव्ह्यू शिल्लक राहतो आणि मैदानावरचे पंच स्वतः चित्रण पाहून निर्णय देतात. लहान स्पर्धांना परवडेल असा हा मार्ग आहे. अधिकृत स्पर्धेत तो आणायला रीतसर परवानगी लागते, म्हणून आधी सराव सामने घेतले. पण आपल्या संचाने पंचांना मदत करण्याऐवजी त्यांची दिशाभूल केली.

सर्वांत गंभीर चूक गोलरेषेच्या कॅमेऱ्याची. हा कॅमेरा गोलरेषेच्या सरळ रेषेत, तिच्याच वाढवलेल्या टोकावर असायला हवा. आपल्या माणसांनी तो रेषेपासून मैदानाच्या दिशेने दोन मीटर सरकवून लावला, कारण तिथे मचाण बांधणे सोपे होते. कॅमेरा 5 मीटर उंच, गोलपासून 40 मीटर लांब. अशा वेळी नेमका रेषेच्या वर, जमिनीपासून एक मीटर उंचीवर असलेला चेंडू सॉफ्टवेअरने जमिनीवर आखलेल्या रेषेच्या तब्बल 50 सेंमी पलीकडे, गोलच्या आत दिसतो. चेंडूचा परीघ 68 ते 70 सेंमी असतो, म्हणजे व्यास साधारण 22 सेंमी. संपूर्ण चेंडू रेषेपार गेल्याशिवाय गोल नाही, हा नियम. म्हणजे जो गोल झालेलाच नाही, तो आपल्या पडद्यावर ठळक गोल दिसतो. कॅमेरा रेषेत असता तर उंचीमुळे ही चूक आलीच नसती.

शिवाय रेषेचे माप फक्कीवरून घेतले गेले. फक्की पायांनी पसरते आणि मध्यंतरापर्यंत रेष दुप्पट रुंद होते. गोलरेषा आणि खांब यांची जाडी सारखीच असावी लागते, जास्तीत जास्त 12 सेंमी. म्हणून माप खांबांच्या मागच्या कडेवरून घ्यायचे आणि उत्तरार्धाआधी पुन्हा तपासायचे. हे आपल्या ऑपरेटरला सांगावे लागणे योग्य नाही.

करारात सेकंदाला 50 फ्रेम लिहिल्या होत्या, मिळालेल्या फायली 25 फ्रेमच्या आहेत. शटर 1/50 सेकंदावर ठेवले होते. ताशी 90 किमी वेगाचा चेंडू तेवढ्या वेळात अर्धा मीटर पुढे जातो, त्यामुळे थांबवलेल्या चित्रात चेंडू नाही, नुसता पांढरा पट्टा दिसतो. दिवसाउजेडी 1/1000 सहज ठेवता आले असते. ऑफसाइडसाठी तर दोन कॅमेऱ्यांची वेळ जुळणे अत्यावश्यक आहे : एकात पास सुटल्याचा क्षण, दुसऱ्यात खेळाडूंची जागा. आपले दोन कॅमेरे एकमेकांपासून तीन फ्रेम मागेपुढे होते. 25 फ्रेमच्या हिशेबाने 120 मिलिसेकंद. सेकंदाला 8 मीटर धावणारा फॉरवर्ड तेवढ्यात 96 सेंमी सरकतो. सामन्याआधी सर्व कॅमेऱ्यांना दिसेल असा एक फ्लॅश उडवला असता तर ही तफावत पाच मिनिटांत सापडली असती.

मचाणाचे क्लॅम्प गॅलरीच्या रेलिंगला बांधले होते. हलगी सुरू झाली आणि पोरे नाचायला लागली की चित्र ठोक्याबरोबर हादरत होते, आखलेली रेषा मात्र पडद्यावर जिथल्या तिथे. मचाण स्वतंत्र पायांवर, वाळूच्या पोत्यांनी दाबूनच उभारायला हवे.

आणखी एक गोष्ट. आपला ऑपरेटर प्रत्येक फाउल पंचांना फक्त स्लो मोशनमध्ये दाखवत होता. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या संस्थेच्या व्हिडिओ पंच नियमावलीप्रमाणे स्लो मोशन फक्त वस्तुस्थितीसाठी : धक्का कुठे लागला, चेंडू हाताला लागला का, जागा कोणती. टॅकलची तीव्रता नेहमीच्या वेगातच पाहायची. साधा टॅकल संथ गतीत मुद्दाम केल्यासारखा भासतो आणि लाल कार्ड निघते. ज्या पोराला ते मिळते, त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे.

आमची मागणी : चारही कॅमेऱ्यांच्या मूळ फायली, न कापता, 15 दिवसांत द्याव्यात. संचाचे पूर्ण भाडे परत करावे. पुढच्या सामन्यांसाठी संच घ्यायचा की नाही, हे वरील मांडणी आमच्या पंचांसमोर करून दाखवल्यावरच ठरेल. मुदतीत उत्तर न आल्यास आम्ही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ.

आपले,
सामना संयोजन समिती, कोल्हापूर

सोबत : कराराची प्रत, भाड्याची पावती, कॅमेऱ्यांच्या जागांचा मोजमापासह नकाशा