सोंग मांजराचं

मिलवॉकी (अमेरिका), रविवार दुपार

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, 'दर शनिवारी रात्री कसला गं खेळ खेळता, पत्ते का?' तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. बाबा वाचून दाखवतील. मधे मधे हसू नका म्हणावं त्यांना.

पत्ते नाहीत. सोंग घेऊन तोंडानं गोष्ट खेळायची. एकजण गोष्ट पुढं नेतो, आपल्या सोंगानं काय केलं ते बाकीच्यांनी सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणतात. १९७४ साली इथून तासाभरावरच्या लेक जिनिव्हा गावातून निघालाय हा खेळ.

माझं सोंग टाबाक्सीचं, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या मांजराचं. त्यात मी लढवय्यी. फासे टाकून सहा आकडे काढायचे आणि सहा गुणांना वाटायचे. मला पडलेले सोळा मी चपळाईला दिले, आठ बुद्धीला. सगळे म्हणाले, लढणारीला डोकं नको का? मला आपला कानफाटका बोका आठवला. रोज तापल्या तव्याला नाक लावायचा, पण उंदीर कधी सुटला नाही त्याच्या तावडीतून.

नियम वाचताना सारखा तोच दिसत होता. या मांजरांना एका फेरीत दुप्पट धावता येतं, पण मग एक अख्खी फेरी जागचं हलायचं नाही, तेव्हा कुठं पुन्हा तसं धावता येतं. बोका असाच की गं! कारखान्यात या मागापासून त्या मागापर्यंत सुसाट, आणि मग कांड्यांच्या टोपलीत आडवा. आजोबा 'ऊठ की रे' म्हणत उभे. अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, हेही लिहिलंय. लाईट गेली की मागाखाली त्याचे दोन डोळे तेवढे चमकायचे आणि मी तुझ्या पदरात शिरायचे.

लोखंडी कड्यांचं चिलखत देत होते. नको म्हटलं, ते घालून लपायला गेलं की दोन फासे टाकून कमी पडलेला धरतात. खुळखुळणारं मांजर काय कामाचं? चामड्याचं घेतलं, वर आपली सोलापुरी चादर. पुस्तकात चादर नाही. मी खरीच नेऊन टेबलावर अंथरली, आता फासे तिच्यावरच पडतात.

नावाला मात्र दोन दिवस लागले. त्यांच्यात कुळ नाव ठेवतं, ग्रहतारेसुद्धा बघून, आणि नाव म्हणजे अख्खं चित्र; हाकेला त्यातला तुकडा. मी ठेवलं 'थांबलेल्या मागावरचं ऊन'. आजोबा गेल्यावर बोका दुपारी बसायचा ती जागा. इथले 'वून' म्हणतात.

काल वून तटावरून पडली, तीस फूट. सोंगाचा जीव आकड्यात मोजतात; बारातला एक उरला. मांजराला लागत नाही म्हणून मी भांडले, पण नियमात तसं काही नाही.

शेंगाचटणी संपत आली. गड्ड्याच्या जत्रेनंतर कुणी इकडं येणार असेल तर दोन पुडे द्या, एक टेबलासाठी.

तुझी,
छकुली