सानिकास पत्र : खोकला, बटलर आणि १९४८

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद. काल फोन ठेवल्यावर तुला मेसेज टाकायला घेतला आणि तो एवढा लांबला की म्हटलं आता सरळ पत्रच लिहू. भांडण पुन्हा उकरायचं नाहीये. काल आपलं दोन गोष्टींवरून वाजलं, एक तुझा खोकला आणि दुसरी ती लीड्सच्या तुझ्या डेझर्टेशनची प्रस्तावना, आणि त्यातल्या खोकल्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असं बाबांना सांगूनच टाइप करायला बसलेय.

तर प्रस्तावना. तुझ्या मॅडम म्हणाल्या की कादंबरीमागचं राजकारण नीट मांड आणि तू मला म्हणालीस, "ते काय गं, ४५ ला लेबर आलं, ५६ ला सुएझ झालं, ७९ ला थॅचर आली, एक पान टाकते सुरुवातीला आणि मग मेन विषयाला लागते." ते एक पान कसं दिसतं हे मला चांगलं ठाऊक आहे, ज्युनिअर कॉलेजात 'टीपा लिहा' मधे वर्षानुवर्षं लेबर पक्षाचा पंतप्रधान ॲटली दोन मार्कांना शिकवलाय मी. पण राजकारण म्हणजे ताटात डावीकडे वाढलेलं मीठ-लिंबू नाही की नको असेल तर बाजूला सारलं.

तुझाच बटलर घे. इशिगुरोची 'रिमेन्स ऑफ द डे' पहिल्याच पानावर सांगते जुलै १९५६. तो बटलर, स्टीव्हन्स, मालकाची गाडी घेऊन निघतो, आणि त्याच महिन्यात, २६ तारखेला, इजिप्तचा नासर सुएझ कालवा ताब्यात घेतो, वर्षअखेर इंग्लंडची जगभर नाचक्की होते, जानेवारीत पंतप्रधान ईडन घरी जातो. आणि पूर्ण पुस्तकात सुएझ हा शब्द नाही! साम्राज्याचा पडदा पडतोय आणि हा गृहस्थ चांदीची भांडी कशी चकचकीत होती ते आठवतोय. इशिगुरोनं बाकीचा कुठलाही महिना निवडला असता. बरं, वाटेत गाडीतलं पेट्रोल संपतं, आणि त्याच डिसेंबरात सुएझपायी अख्ख्या ब्रिटनमधे पेट्रोलचं रेशनिंग लागलं. हा योगायोगही असेल, त्यावर फार भर देऊ नकोस, मॅडम धरतील. पण जुलै हा योगायोग नाही.

आता तो पेट्रोल संपल्यावरचा भाग पुन्हा वाच. खेड्यातले लोक त्याला मोठा साहेब समजतात, त्यातला हॅरी स्मिथ म्हणतो की हिटलरशी लढलो ते माणसाला मान मिळावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कार्लाइल त्याला गाडीपर्यंत सोडायला येतो आणि बोलता बोलता सांगतो की ४९ साली इथे आलो तेव्हा मी पक्का समाजवादी होतो. दोनचार ओळीच आहेत त्या. पण ४९ का? कारण ५ जुलै १९४८ ला नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी एक तरुण डॉक्टर डेव्हनच्या खेड्यात येतो, सगळ्यांना सारखी सेवा मिळणार म्हणून. तो डॉक्टर आता थकलाय, गावकऱ्यांना फार काही बदल नकोय, जरा शांतपणे जगू द्या एवढंच हवंय असं त्याचं म्हणणं. तुझ्या मॅडमना जे पाहिजे ते या दोन पानांत आहे, वेगळं पान टाकायची गरजच नाही.

आणि ही आरोग्यसेवा कोणी उभी केली? अन्युरिन बेव्हननं, वेल्समधल्या ट्रेडिगारचा, खाणकामगाराचा मुलगा, तेराव्या वर्षी स्वतः खाणीत. त्याच्या गावात कामगार पगारातून थोडे थोडे पैसे काढून डॉक्टर आणि दवाखाना चालवायचे, तेच त्यानं देशभर नेलं. त्याच्या वडिलांच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती, १९२५ ला ते गेले आणि नुकसानभरपाई एक पैसा नाही, कारण तो आजार कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीतच नव्हता. म्हणजे बापाचा खोकला ऐकत मोठा झालेला मुलगा आरोग्यमंत्री झाला.

आणि तू त्याच देशात सप्टेंबरपासून राहतेस आणि अजून जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलेलं नाहीस.

हे बघ, मी लिहिणार नव्हते. पण तू माइक म्यूट करून खोकतेस ना, तेव्हा आवाज येत नाही, खांदे दिसतात. आणि तू कॅमेरा फिरवलास तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यातला काळा डाग पण दिसला, ती बुरशी आहे, घरमालकाला फोटो काढून ईमेल कर, तोंडी सांगू नकोस. बेव्हरिजनं सामाजिक सुरक्षेवरच्या १९४२ च्या रिपोर्टमधे पाच राक्षस सांगितले होते, गरिबी, रोगराई, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी, त्यातले दोन तुझ्या रूममधे भाड्यानं राहतायत. हसू नकोस. (बेव्हरिजचा जन्म आपल्याकडचा बरं का, रंगपूरचा, तेव्हाच्या बंगालमधला. आणि ॲटली सायमन कमिशनमधून इथे येऊन काळे झेंडे बघून गेलेला. ही मंडळी आपल्याला अगदीच परकी नाहीत.)

ऑर्वेलचं तर मी काल बोलणारच होते पण तू फोन ठेवलास. तू म्हणतेस 'नाइन्टीन एटी-फोर' म्हणजे रशिया. आहेच. पण पहिलं पान बघ, जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास, लिफ्ट बंद, दिवसा वीज तोडलेली, पुढे दाढीची ब्लेडं मिळत नाहीत. हे मॉस्को नाही गं, हे युद्ध जिंकलेलं लंडन आहे! १९४७ च्या फेब्रुवारीत बर्फात कोळसा अडकला, घराघरांतली वीज रोज काही तास बंद, युद्धातही ज्याला रेशन नव्हतं तो पाव ४६ ते ४८ रेशनवर, अमेरिकेचं कर्ज डोक्यावर. आणि त्याच फेब्रुवारीच्या २० तारखेला ॲटली पार्लमेंटमधे उभा राहून सांगतो की आम्ही हिंदुस्थान सोडणार. मी वर्गात हे दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकवायचे, एक जगाचा इतिहास, एक भारताचा. एकाच महिन्यातलं आहे ते, दिवे नसलेल्या देशानं घेतलेला निर्णय. आपल्याकडे उगाच वाटतं की त्यांनी मोठ्या मनानं दिलं नाहीतर आपण हिसकावलं, आपल्या लढ्याचं श्रेय आहेच, पण त्यांची तिजोरी रिकामी होती हेही लिहायला पाहिजे.

हे पुस्तक लिहिताना ऑर्वेलला टीबी होता. ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स हॉस्पिटलमधे पडून होता, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन अगदी नवीन, फक्त अमेरिकेत मिळायचं. त्याचा मित्र डेव्हिड ॲस्टरनं खटपट केली, आयात करायला परवानगी लागली ती बेव्हनकडून, आणि बेव्हन एकेकाळी 'ट्रिब्यून'मधे ऑर्वेलचा संपादक होता. त्या औषधानं त्याच्या अंगावर पुरळ, तोंडात फोड, केस गळायला लागले, शेवटी बंद करावं लागलं. ५ जुलैला ती आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा हा माणूस हॉस्पिटलच्या खाटेवरच होता. महिनाअखेरीस सुटला, जुरा बेटावर गेला आणि अंथरुणात बसून स्वतः सगळं टाइप केलं. जून ४९ ला पुस्तक आलं, जानेवारी ५० मधे तो गेला. शेहेचाळिसाव्या वर्षी.

स्ट्रेप्टोमायसिन म्हटलं की मला अण्णाच आठवतात. गावाबाहेरच्या सॅनेटोरियममधे होते, मुलांना आत सोडत नसत, आम्ही फाटकापाशी उभ्या राहायचो आणि ते व्हरांड्यातून हात करायचे. आई डबा देऊन परत यायची आणि घरी आल्यावर कुणाशी बोलायची नाही. रोजची इंजेक्शनं. बरे झाले, पुढे पंचवीसतीस वर्षं ठणठणीत होते, पण कान गेले, त्या औषधानं व्हायचं तसं. अण्णांचा रेडिओ एवढ्या मोठ्यानं का लागायचा आणि आत्या त्यावरून का रडायची ते तुला आता कळलं असेल. तू म्हणशील "आई, व्हिसाच्या वेळी टीबीचा एक्स-रे काढला होता ना." हो, काढला होता. क्लिअर होता. मला माहितीये. तरी तीन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर डॉक्टरला दाखवा असं त्यांचीच वेबसाइट सांगते, मी नाही सांगत.

झालं, पुन्हा तिथेच आले. सॉरी.

लीड्सबद्दल. तू म्हणालीस तिथे बघण्यासारखं काही नाही. अगं कवी टोनी हॅरिसनचं गाव ते! बेकरीत काम करणाऱ्याचा मुलगा, ११ व्या वर्षी लीड्स ग्रामर स्कूलची स्कॉलरशिप मिळवलेला. १९४४ च्या शिक्षण कायद्यानं अशी हुशार गरीब पोरं परीक्षा देऊन मोठ्या शाळांत घुसली, आणि पुढचं निम्मं ब्रिटिश साहित्य या पोरांनी लिहिलं असं माझं मत आहे, तुझ्या मॅडमना पटो न पटो. त्याच शाळेत मास्तरांनी त्याला कीट्स वाचताना मधेच थांबवलं, उच्चार लीड्सचे म्हणून. राग आयुष्यभर पुरला त्याला. ८४ साली खाणकामगारांचा संप चालू असताना तो होल्बेकच्या दफनभूमीत आईवडिलांच्या कबरीपाशी जातो, तिथे पोरांनी शिव्या फवारलेल्या, त्यावर ती 'व्ही' नावाची मोठी कविता, चॅनल फोरवर दाखवली तेव्हा केवढा गदारोळ झाला. एखाद्या रविवारी जाऊन ये. म्हणजे बरी झाल्यावर. थंडीत नको.

त्याची अजून एक छोटी कविता आहे, आई गेल्यावर वडील आणि मुलगा समोरासमोर बसलेत आणि दोघांच्या मधे वयाचं अंतर नाही, पुस्तकांचं आहे. ती मी एकदाच वाचली, पुन्हा नाही वाचली.

जाऊ दे. थॅचरचं मात्र एका वाक्यात उरकू नकोस, कारण माझ्या मते तुझी कादंबरी ५६ ची नाहीच, ८९ ची आहे, छापून आली त्या सालची. इशिगुरो पाच वर्षांचा असताना इंग्लंडला आला, पुढे लंडनमधे बेघर लोकांसाठी काम करायचा, आणि त्याच काळात थॅचरबाई निवडून आल्या. ८५ च्या मार्चमधे खाणकामगार हरून कामावर परतले. आणि टीव्हीवर काय, तर जुने वाडे, बटलर, चांदीचे चहाचे सेट, सगळ्यांना ते जुनं इंग्लंड हवंहवंसं. त्यात हा माणूस बटलरचीच गोष्ट लिहितो आणि त्या वाड्याचा मालक नाझींना सामील निघतो. तो थकलेला डॉक्टर ५६ सालचा म्हणून वाचलास तर किरकोळ पात्र आहे, ८९ सालच्या वाचकाच्या नजरेनं वाच, मग कळेल कोण थकलंय. शाळेतलं दूध आठवतं का तुला, मी सांगितलेलं? ४६ पासून प्रत्येक मुलाला रोज पाइंटचा एक तृतीयांश, फुकट. ७१ साली सात वर्षांवरच्या मुलांचं ते थॅचरनं बंद केलं, तेव्हा शिक्षणमंत्री होती. इतिहासकार कॅरोलिन स्टीडमननं लिहिलंय की ते दूध आणि संत्र्याचा रस मिळाला नसता तर जगण्याचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलंच नसतं. मला पॉलिसी वगैरे फार कळत नाही पण हे कळतं.

आणि कादंबरीकार सॅम सेल्व्हन वाच, ४८ च्या जूनमधे कॅरिबियनमधल्या लोकांना घेऊन टिलबरीला विंडरश बोट लागली त्यानंतरचं लंडन, तुम्हा मुलांना लगेच ओळखीचं वाटेल, ती थंडी, ती रूमची शोधाशोध, पाटीवर काय लिहिलेलं असेल याची धास्ती. कॅरिबियनमधून आलेल्या नर्सेसवर हॉस्पिटलं चालली, आणि ज्या इनॉक पॉवेलच्या आरोग्यमंत्रिपदाच्या काळातही त्या येत होत्या त्यानंच ६८ साली बर्मिंगहॅमला बाहेरून येणाऱ्यांविरुद्धचं ते भाषण केलं. रात्री उशिरा लायब्ररीतून एकटी परत येऊ नकोस. पॉवेलचा आणि याचा संबंध नाही, तसंच मनात आलं.

तुझ्या पहिल्या निबंधाला डिस्टिंक्शन मिळालं ते बाबांनी बँकेत, वाण्याकडे, सगळीकडे सांगितलंय. मी नाही सांगितलं कुणाला, फक्त कुलकर्णी मॅडमना आणि नंदूमावशीला. तू माझ्याहून चांगलं लिहितेस, म्हणून तर ते एक पान बघवत नाही मला.

आता कामाचं. जीपीचं रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, पासपोर्ट नसला तरी चालतं. अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावावा लागतो म्हणे, तेव्हा आमच्याकडे दुपार असते, मी इथून तुला उठवीन. नाहीच लागला तर १११, ती आरोग्यसेवेची हेल्पलाइन. आणि "तिथे थांबावं लागतं, कशाला उगाच" म्हणू नकोस, वर्षाचे ७७६ पौंड भरलेत आपण व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्जचे, फुकटात जात नाहीयेस. औषधाचे वेगळे पडतील इंग्लंडमधे. चष्मा आणि कवळीला पैसे लावले म्हणून बेव्हननं ५१ साली मंत्रिपद सोडलं, तू निदान बस पकडून दवाखान्यापर्यंत जा. ज्येष्ठमध बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे, निळ्या डबीत, तो संपला असं सांगू नकोस, तू उघडलाच नसशील.

तुझी,
आई

ता.क. तुझी 'रिमेन्स'ची जुनी कॉपी इथेच राहिलीये, तीच वाचतेय. पेन्सिलनं खुणा केल्यात, ओरडू नकोस. डॉक्टरच्या पानावर माझ्याही आधी तूच एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंयस, ते कशाबद्दल होतं?