काचेतल्या बाळाच्या आईला चुकीचा स्तनपंप विकल्याबद्दल तक्रार

नागपूर, दि. ९ जून २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
स्तनपंप विक्री विभाग

विषय : गरज स्पष्ट सांगूनही चुकीचा पंप विकणे, मापात न बसणारा फ्लँज (स्तनावर बसवायचा नरसाळ्यासारखा भाग) व सदोष व्हॉल्व्ह (झडप) देणे आणि परतावा नाकारणे याबाबत

महोदय / महोदया,

१० मे २०२५ रोजी आपल्या संकेतस्थळावरून ब्रामध्ये ठेवून वापरायच्या वेअरेबल स्तनपंपाची जोडी ८,४९९ रुपयांना खरेदी केली. पंप १२ मे रोजी मिळाला. खरेदी माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी तिच्यासाठी केली. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पत्रातला तांत्रिक भाग माझा असून सही आम्हा दोघांची आहे. बिल, चॅटची छायाचित्रे आणि सुट्या भागांचे फोटो सोबत जोडले आहेत.

पैसे भरण्याआधी आपल्या प्रतिनिधीला चॅटवर लिहिले होते : ‘बाळ ३१ आठवड्यांतच जन्मलंय, वजन १,४५० ग्रॅम, एनआयसीयूत आहे. अजून अंगावर पीत नाही. दिवसातून आठ ते दहा वेळा दूध काढायला सांगितलंय. कोणता पंप घ्यावा?’ उत्तर आले : ‘हाच घ्या सर, हॉस्पिटल ग्रेड आहे, सगळ्यांना बसतो, काम करता करता वापरता येतो.’ एकही उलटा प्रश्न विचारला गेला नाही. आमची मुख्य तक्रार या उत्तराबद्दल आहे.

बाळ पुऱ्या दिवसांचे असेल, अंगावर नीट पीत असेल आणि आईला आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर जायचे असेल, तर साधा हातपंप पुरतो. हाताने दूध काढायची सवय असेल तर तोही लागत नाही. पहिल्या आठवड्यात दूध साचून छाती दगडासारखी झाली म्हणून पंप मागणाऱ्या आईला तर बहुतेक वेळा विकूच नये. बाळाची पकड तपासून घेणे, पाजून झाल्यावर थंड शेक घेणे आणि बोंड मऊ होण्यापुरते थोडे दूध हाताने काढणे हे तिचे उपाय आहेत. पंपाने जास्त ओढले की शरीर तेवढेच आणखी बनवते आणि गाठी वाढतात. २६ आठवड्यांची रजा संपवून कामावर परतणाऱ्या आईचे दूध एव्हाना स्थिरावलेले असते. तिला वेळ वाचवणारा, बॅटरीवर चालणारा दोन्हीकडचा इलेक्ट्रिक पंप हवा, आणि तिच्यासाठी वेअरेबलसुद्धा चालू शकतो.

काचेतल्या बाळाच्या आईचे प्रकरण वेगळे आहे. तिथे बाळ ओढतच नाही, म्हणून दूध ‘आणण्याचे’ सगळे काम पंपावर येते. छाती जितकी रिकामी होते तितके दूध बनते. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करून २४ तासांत ८ ते १० वेळा, त्यात एकदा तरी रात्री, दोन्ही बाजूंनी १५ ते २० मिनिटे दूध काढावे लागते आणि शेवटचे थेंब पडल्यावरही दोनेक मिनिटे पंप चालू ठेवायचा असतो. चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला किमान ५०० मि.ली.वर पोहोचणे हे नवजात विभागात धरले जाणारे लक्ष्य आहे. यासाठी एकाहून अधिक मातांना वापरता येणारा, मोटर आणि दूध यांच्यामध्ये पडदा असलेला मोठा पंप हवा. तो बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो आणि प्रत्येक आई आपला फ्लँज-बाटलीचा संच स्वतंत्र लावते. वेअरेबलची छोटी मोटर पहिल्या काही आठवड्यांत मुख्य पंप म्हणून वापरण्याजोगी नाही. आपल्याकडे मोठ्या पंपाचा पर्याय नसेल तर प्रतिनिधीने तसे सांगायला हवे होते.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण आपल्या जाहिरातीत ‘पहिल्या दिवसापासून वापरा’ असे लिहिले आहे. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो एका वेळी काही थेंब किंवा फार तर काही मि.ली. असतो आणि घट्ट असतो. वेअरेबलमध्ये तो फ्लँज, व्हॉल्व्ह आणि पडद्यालाच चिकटून राहतो, कपात उतरत नाही. चीक हाताने काढून थेट वाटीत किंवा सिरिंजमध्ये घ्यायचा असतो. १,४५० ग्रॅमच्या बाळाला प्रत्येक थेंब मोलाचा असतो. ही ओळ जाहिरातीतून काढून टाकावी.

आता मापाबद्दल. खोक्यात फक्त २४ मि.मी.चा फ्लँज आला. बाळंतिणीच्या स्तनाग्राचा व्यास बुडाशी मोजला तर डावीकडे १५ आणि उजवीकडे १६ मि.मी. भरतो. फ्लँजचा बोगदा, म्हणजे स्तनाग्र आत जाते ती नळी, त्यापेक्षा फार तर दोन-तीन मि.मी. मोठा असावा. २४ च्या बोगद्यात आठ-नऊ मि.मी. मोकळी जागा राहते आणि ती भरायला स्तनाग्राभोवतीचा काळा भाग आत ओढला जातो, सुजतो, कडेला घासतो. सूज आली की दुधाच्या नळ्या दबतात, दूध मागेच राहते. बाहेर काढल्यावर बोंड पांढरे पडलेले किंवा जांभळट दिसणे, भोवती लाल वर्तुळ उमटणे आणि वीस मिनिटांनंतरही छाती जड राहणे ही त्याची लक्षणे. तिन्ही दिसली.

हे कस्टमर केअरला कळवल्यावर सल्ला मिळाला : ‘लेव्हल नऊवर न्या.’ हा सल्ला अपाय करणारा आहे. ओढ वाढवल्याने दूध वाढत नाही. सहन होईल तिथपर्यंत हळूहळू वाढवायचे आणि टोचू लागले की एक पायरी खाली यायचे, हाच नियम. दुखले की पान्हा फुटत नाही. पंपाच्या दोन चाली का असतात, हेही प्रतिनिधींना समजलेले दिसत नाही. बाळ आधी भरभर, उथळ चोखते आणि पान्हा आल्यावर हळू, खोल घोट घेऊ लागते. पंपाची पहिली जलद चाल पान्ह्यासाठी आणि दुसरी संथ चाल दूध काढण्यासाठी असते. आपला पंप दोन मिनिटे झाली की आपोआप दुसऱ्या चालीत जातो, पान्हा आलेला असो वा नसो. ज्या आईला चार मिनिटे लागतात ती पुढचा सगळा वेळ कोरडी ओढ सहन करते. बटण दाबून परत पहिल्या चालीत येता येते, पण पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही.

१७ मि.मी.चा इन्सर्ट (बोगदा अरुंद करायला फ्लँजमध्ये बसवायचा भाग) आपण वेगळा ५९९ रुपयांना विकता आणि तो ‘स्टॉकमध्ये नाही’. म्हणजे पंप घेणाऱ्याला तो बसतो का हे आधी कळत नाही, आणि बसत नाही हे कळल्यावर योग्य माप मिळत नाही. १२ ते ३० मि.मी.पर्यंत भोके पाडलेले पुठ्ठ्याचे कार्ड प्रत्येक खोक्यात घालायला किंवा छापून घेण्यासाठी संकेतस्थळावर ठेवायला असा काय खर्च येतो? माप दूध काढण्याआधी घ्यायचे, नंतर सूज धरली जाते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायच्या, कारण माप बदलते. इतके चार ओळींत सांगता येते.

२० मे रोजी डाव्या कपाची ओढ अचानक कमी झाली. त्यातल्या डकबिल व्हॉल्व्हची, म्हणजे बदकाच्या चोचीसारख्या मऊ झडपेची, चीर पूर्ण मिटत नव्हती. खात्री करण्यासाठी डावा व्हॉल्व्ह उजव्या कपात आणि उजवा डाव्या कपात लावून पाहिला, तेव्हा दोष व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेला. म्हणजे मोटर ठीक होती, भाग खराब होता. तो ब्रशने घासलेला नाही. दाबून वाकवलेला नाही. पंप फक्त आठ दिवस वापरात होता. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त दूध काढणाऱ्या आईला हे व्हॉल्व्ह महिना-दोन महिन्यांत बदलावे लागतात, म्हणून खोक्यात निदान एक जादा जोडी असायला हवी. आपल्या पुस्तिकेत ‘सहा महिन्यांनी बदला’ एवढेच आहे आणि खोक्यात एकही जादा नाही.

सुट्या भागांचा हिशेबही मांडते, कारण विकताना तो कोणी सांगत नाही. एका कपाचे धुवायचे भाग पाच. दोन कप, दिवसाला आठ वेळा, म्हणजे ८० भाग दररोज धुवायचे. ते सिंकमध्ये न टाकता त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या घमेल्यात, साबण आणि गरम पाण्याने, वेगळ्या ब्रशने. मग स्वच्छ कपड्यावर हवेत वाळवायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतले किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर दिवसातून एकदा तरी सुटे करून पाच मिनिटे खळखळत्या पाण्यात उकळायचे. काल बाळंत झालेल्या बाईकडून एका संचावर हे होणे शक्य नाही. दुसरा संच लागतोच, आणि त्याची किंमत पंपाच्या किमतीत धरूनच ग्राहकाने निर्णय घ्यायला हवा.

पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे आणि तिच्यात लिहिले आहे की दूध ‘खोलीच्या तापमानाला आठ तास टिकते’. कोणत्या खोलीच्या? हा नियम वाचून मे महिन्यात नागपुरात कोणी दूध ओट्यावर ठेवले तर? काढलेले दूध २५ अंशांपर्यंत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, दारात न ठेवता मागच्या बाजूला. खोली त्याहून गरम असेल तर काढल्याबरोबर फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात. दवाखान्यात न्यायचे असेल तर तारीख आणि वेळ लिहून, आणि ताजे कोमट दूध आधीच्या थंड दुधात न ओतता. अंशांचा आकडा न छापता तास छापणे ही गंभीर चूक आहे. ती पुढच्या खेपेची वाट न पाहता दुरुस्त करावी.

‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दाबद्दल : अमेरिकेची एफडीए (अन्न व औषध प्रशासन) हा शब्द मान्य करत नाही, त्याची ठरलेली व्याख्या नाही. कंपन्या तो आपापल्या अर्थाने वापरतात. आपण तो कमाल ओढीच्या आकड्यावरून लावला आहे. पण मोठ्या पंपाचे वेगळेपण फक्त कमाल ओढीत नसते, तर अनेक मातांसाठी सुरक्षित रचना आणि दिवसभर न थकता एकसारखी ओढ देणाऱ्या मोटरमध्येही असते. आपला पंप एकाच आईसाठी आहे, तसे खोक्यावर बारीक अक्षरात छापलेही आहे.

खोक्यात ‘भेट’ म्हणून निपलसह दूध पाजायची बाटली आली. भारतात १९९२ चा शिशुदुग्ध पर्याय, दुग्धपान बाटल्या व शिशुआहार विषयक कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दुग्धपान बाटल्यांची जाहिरात करणे आणि त्या भेट म्हणून देऊन खपाला उत्तेजन देणे याला त्यात मनाई आहे. बाळाला नळीने, नंतर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजून अंगावर आणण्याची धडपड चालू असताना ही बाटली घरात यायलाच नको होती. ती न उघडता जपून ठेवली आहे.

परिणाम थोडक्यात : चौदाव्या दिवशी, २३ मे रोजी, दिवसाचे एकूण दूध २२० मि.ली. होते. २४ मेपासून भाड्याचा मोठा पंप आणि १७ मि.मी.चा फ्लँज लावला. बाकी वेळापत्रक तेच ठेवले. ७ जूनला ४८० मि.ली. झाले. बाळाला मधल्या दिवसांत मातृदुग्धपेढीतल्या दुधाचा आधार घ्यावा लागला.

२६ मे रोजी परतावा मागितला तेव्हा उत्तर मिळाले की हे स्वच्छतेशी संबंधित उत्पादन असल्याने परत घेतले जात नाही. कोणाचा वापरलेला पंप दुसऱ्याला विकू नये हे आम्हालाही मान्य आहे. पण त्यामुळे सदोष वस्तूची जबाबदारी संपत नाही, आणि विक्रीआधी दिलेल्या चुकीच्या सल्ल्याची तर नाहीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्हॉल्व्ह ही सदोष वस्तू आहे आणि सल्ला ही सेवेतील उणीव.

म्हणून पंपाचे पूर्ण ८,४९९ रुपये परत करावेत. पंप न्यायचा असल्यास आपल्या खर्चाने न्यावा. ५९९ चा इन्सर्ट न मिळाल्याने बाहेरून घेतलेल्या फ्लँजचे ४५० रुपये द्यावेत. विक्रीआधी प्रतिनिधींनी निदान एवढे विचारावे : बाळ किती आठवड्यांनी जन्मले, अंगावर पिते का, दिवसातून किती वेळा काढायचे, दोन्ही बाजूंची मापे काय. यातल्या पहिल्या दोन उत्तरांवरच वेअरेबल नको हे कळते. १७, १९ आणि २१ चे इन्सर्ट व व्हॉल्व्हची एक जादा जोडी प्रत्येक खोक्यात द्यावी. पुस्तिका मराठी आणि हिंदीत, अंशांसह छापावी. बाटलीची भेट आणि ‘पहिल्या दिवसापासून’ व ‘हॉस्पिटल ग्रेड’ हे दोन्ही दावे काढावेत.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. ९ जुलैपर्यंत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. खराब व्हॉल्व्ह, सीलबंद बाटली आणि मूळ खोके आमच्याकडे आहे. आपल्या तंत्रज्ञाला घरी येऊन ते पाहता येईल, मात्र दुपारी चारनंतर, कारण त्याआधी बाळंतीण दूध घेऊन दवाखान्यात असते.

आपले,

खरेदीदार (सही)
तांत्रिक तपासणी करणारी परिचारिका (सही)

सोबत : १) बिलाची प्रत २) १० मे व २६ मेच्या चॅटची छायाचित्रे ३) दोन्ही व्हॉल्व्हचे जवळून घेतलेले फोटो ४) १२ मे ते ७ जून रोजच्या दुधाची नोंदवही, झेरॉक्स