वेळ उरल्यास फुले वाडा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या जुन्या वाड्यांवर पानभर मजकूर होता. शनिवारवाड्याला अर्धे पान, विश्रामबागवाड्याच्या सुरूच्या खांबांचा मोठा फोटो आणि गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्याला एक ओळ, तीही ‘वेळ उरल्यास’ अशी. म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात गावाहून आलेल्या धाकट्या बहिणीला घेऊन मी शहर दाखवणाऱ्या एका बसने फिरले. शनिवारवाड्यावर दीड तास मिळाला. 1828 च्या आगीनंतर तिथे तट, दरवाजे आणि जोतीच काय ती उरली, तरी माणसे रमतात. हजारी कारंजापाशी आम्हीही फोटो काढला. फुले वाड्याशी मात्र गाइड म्हणाला, “इथं फार काही नाही, दहा मिनिटांत या.”

बघायला गेले तर नाहीच. बुटके कौलारू घर, भिंतींवर चित्रे, जोतीरावांच्या अस्थी ठेवलेले तुळशीवृंदावन आणि एक विहीर. बहीण विहिरीपाशीच थांबली. आमची आजी बारामतीकडच्या गावात विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायची. वरच्या आळीतली कुणी बाई येऊन वरून ओतेल तेव्हा पाणी. कधी कधी सकाळची गेलेली दुपारी परतायची. जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, असे मी सांगितले, तर बहीण हिशेब करत म्हणाली, “अगं, म्हणजे आजीच्या जन्माआधी!” खालून बसचा हॉर्न वाजत होता. आम्ही बस सोडून दिली, पैसे गेले ते गेले.

मी 31 वर्षे प्रसूतिगृहात परिचारिका होते. त्यामुळे माझे या पेठेत येणे वेगळ्या कारणाने. फसलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून फुले पती-पत्नींनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. रात्री-अपरात्री दार ठोठावणाऱ्या बाईला सावित्रीबाई आधी काय विचारत असतील, याचे मला फार कुतूहल वाटते. माझ्या नोकरीत आम्ही आधी नवऱ्याचे नाव विचारायचो.

आणि पाहायचेच तर वाडे सुटे सुटे का पाहावेत? नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी शहरात आणले. ते शनिवारवाड्यात गेले तसे पेठांतल्या हौदांतही आले. वाटेतले उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सुटायला बांधलेले मनोरे, अजून कुठे कुठे उभे आहेत. शनिवारवाड्यातून निघून बदामी हौदावरून यावे, मग पंचहौद. तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या चहावरून पुढे रानडे-टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे धर्मबाह्य वागल्याचा बहिष्काराचा खटला, झाले. चहाच्याच वर्षी नोव्हेंबरात जवळच गंज पेठेत जोतीराव गेले. शनिवारवाड्यातल्या कारंज्यापासून जोतीरावांच्या हौदापर्यंत पायीच चालावे. रिक्षाने हे कळत नाही. गुडघे दुखतात, पण मधे चहा मिळतो.

पुढच्या पुरवणीत पेठांतल्या हौदांचा एक नकाशा छापता येईल का? कुठला हौद बुजवला, कुठला दुकानामागे गेला, हे सांगणारी जुनी माणसे आपल्या वाचकांत नक्की निघतील. आणि कोणत्या हौदावर कोणाला भरू देत होते, तेही त्यांना आवर्जून विचारा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, हडपसर