राजकीय थरारपट : समीक्षकांची दाद आणि प्रेक्षकांची पाठ

संपादक महोदय,

समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला एखादा राजकीय थरारपट तिकीटबारीवर पडला, की ‘आपला प्रेक्षक अजून तयार नाही’ असा निष्कर्ष काढण्याची प्रथा वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत रूढ झाली आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. एकाच कथानकावर दोन देशांत निघालेल्या दोन चित्रपटांच्या आधारे त्यामागचे कारण मांडू इच्छितो.

ग्रीसमधील खासदार, डॉक्टर आणि शांततावादी कार्यकर्ते ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्यावर मे १९६३ मध्ये थेसालोनिकी शहरातील सभेनंतर भररस्त्यात तीनचाकी मालवाहू गाडीतून हल्ला झाला आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी अपघात म्हणून मिटवू पाहिलेले हे प्रकरण सार्त्झेताकिस या तरुण तपास-न्यायाधीशाने चिकाटीने खणून काढले (पुढे १९८५ मध्ये ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, हे चित्रपटातही खोटे वाटले असते). या घटनेवर वासिलिस वासिलिकॉस यांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून कोस्टा-गाव्रास यांनी १९६९ मध्ये ‘झेड’ हा चित्रपट केला. तो जगभर चालला आणि त्याला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे व संकलनाचे ऑस्कर मिळाले. फ्रान्समधील काही डाव्या समीक्षकांनी मात्र नाक मुरडले. राजकारणाला पाठलाग आणि रहस्याच्या साच्यात बसवले, की प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो आणि विचार तिथेच संपतो, असा त्यांचा आक्षेप होता.

त्याच कादंबरीवरून दिबाकर बॅनर्जी यांनी उर्मी जुवेकर यांच्यासह पटकथा लिहून ‘शांघाय’ हा हिंदी चित्रपट केला आणि तो ८ जून २०१२ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण लातूर आणि बारामती येथे झाल्यामुळे आमच्याकडे त्याविषयी विशेष कुतूहल होते. या वेळी पारडे उलटे झाले. समीक्षकांनी, विशेषतः इंग्रजी वृत्तपत्रांतील समीक्षकांनी, चित्रपटाच्या संयमाचे मनापासून कौतुक केले आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचाच राहिला. आदल्याच शुक्रवारी लागलेल्या ‘राउडी राठोड’ची गर्दी दाखवून प्रेक्षकांच्या अभिरुचीवर ठपका ठेवणे सोपे होते. पण मारधाडीच्या चित्रपटाला जाणारा प्रेक्षक ‘शांघाय’ला न जाणे वेगळे आणि ‘शांघाय’ पाहून आलेल्याने ‘काहीतरी राहून गेले’ म्हणणे वेगळे. विचार या दुसऱ्या तक्रारीचा व्हायला हवा.

‘झेड’मधील तपास-न्यायाधीश एकेका वर्दीतल्या अधिकाऱ्याला समोर बसवून नाव, हुद्दा विचारतो आणि थेट आरोप ठेवतो. बाहेर पडताना गोंधळलेले ते अधिकारी बंद दाराशी झटत राहतात. लगेच पुढे लष्करशाहीने या साऱ्यावर बोळा फिरवल्याचे कळते, तरीही तोवर प्रेक्षकाला न्यायाची चव मिळालेली असते. ‘शांघाय’मधील चौकशी अधिकारी कृष्णन न्यायालयाच्या वाटेला जातच नाही. हाती आलेल्या पुराव्याच्या जोरावर तो मुख्यमंत्र्यांच्या विश्वासातील सचिवालाच कोंडीत पकडतो, म्हणजे व्यवस्थेचेच हत्यार तिच्यावर उगारतो. ज्यांच्या हत्येची ही चौकशी असते त्या डॉ. अहमदींची पत्नी शेवटी फलकांवर झळकते आणि विकासाचा बुलडोझर चालूच राहतो. हा शेवट मला अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्याकडच्या चौकशी आयोगांचा इतिहास पाहता कोर्टातला विजय दाखवणे ही फसवणूकच ठरली असती. परंतु हत्या, गायब होणारे पुरावे आणि घाबरलेला साक्षीदार अशी थरारपटाची सगळी सामग्री मांडून प्रेक्षकाला दोन तास ताणून धरल्यावर गाठ सुटू द्यायची नाही, ही दिग्दर्शकाने जाणूनबुजून केलेली निवड होती. त्या निवडीवर नाराज होण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे आणि ती नाराजी म्हणजे अडाणीपणा नव्हे. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’सारख्या (१९७९) चित्रपटातले सत्तेचे डाव तन्मयतेने पाहणाऱ्या महाराष्ट्रातील प्रेक्षकाला राजकारण कळत नाही, असे कोण म्हणेल?

या दोन्ही वेळी समीक्षक प्रामुख्याने चित्रपटाची राजकीय भूमिका आणि शैलीचा संयम तोलत होते, तर प्रेक्षक थरारपटाने सुरुवातीला दिलेला शब्द शेवटी पाळला का, हे पाहत होते. दोघांचे मोजमाप वेगळे असताना तीन किंवा चार तारे छापून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘हा चित्रपट गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखवणार नाही, त्या तयारीने जा’ एवढे एक वाक्य परीक्षणात असते, तरी ‘शांघाय’ला योग्य तो प्रेक्षक कदाचित भेटला असता. त्यासाठी रहस्य फोडण्याचीही गरज नव्हती.

माझी विनंती एवढीच आहे, की राजकीय चित्रपटांचे परीक्षण शुक्रवारच्या घाईत छापून प्रकरण बंद करू नये. दोन आठवड्यांनी त्याच समीक्षकाला, वाचकांची पत्रे समोर ठेवून, पुन्हा लिहिण्यास सांगावे आणि त्याने मत बदलले नसेल तर तेही कारणांसह छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर