पसारा दिसला ना, आई?

प्रिय आई,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, "केवढा गं हा पसारा!" आणि मी फोन पटकन भिंतीकडे वळवला. मग बोलणंही आवरतं घेतलं. तुला ते लागलं असणार. दोन दिवस मनाला चुटपुट लागून राहिली, म्हणून आज मुलं झोपल्यावर लिहायला बसले. फोनवर हे नीट सांगता येत नाही, मध्येच कुणीतरी रडतं.

त्या दिवशी सकाळी मी व्यायाम करायला म्हणून लवकर उठले होते. चटई अंथरायला जागा हवी म्हणून ठोकळे उचलायला घेतले. ठोकळ्यांखाली एक मोजा निघाला. तो ठेवायला गेले तर धुतलेल्या कपड्यांचा ढीग दिसला. घड्या घालत बसले, तेवढ्यात धाकटी उठली. चटई गुंडाळलेली ती गुंडाळलेलीच. कितीतरी महिने हे असंच चाललं होतं: आधी घर आवरू, मग व्यायाम. आणि चार वर्षांचं नि दीड वर्षाचं मूल जागं असताना घर आवरून होतच नाही. एक खोली लावून दुसरीत जावं तर पहिली पुन्हा पसरलेली.

व्यायामाचं एवढं काय, असं बाबांना वाटेल. त्यांना सांग, ही हौस नाही. धाकटीच्या वेळी माझ्या पोटाचे मधले स्नायू फाकले. गरोदरपणात ते बाजूला सरकतातच, बऱ्याच जणींचे नंतर आपोआप जवळ येतात, माझे पुरते आले नाहीत. तिला कडेवर घेऊन जिना चढले की कंबर भरून येते. फिजिओथेरपिस्टने मला सध्या पोटावर जोर देणारे व्यायाम करू नका म्हणून सांगितलंय. उताणं झोपायचं, गुडघे वर, श्वास सोडता सोडता पोट हलकेच आत घ्यायचं आणि एक टाच जमिनीवरून सावकाश पुढे सरकवायची. मग दुसरी. बघणाऱ्याला वाटेल ही नुसती पडलीये, पण दहा वेळा केलं की पोट थरथरतं. नाभीच्या जरा वर बोटं आडवी ठेवून मी ती फट मोजते. आधी तीन बोटं मावायची, आता दोन. आई, हे मला तुला कधीपासून सांगायचं होतं.

सलग पाऊण तास मिळाला तरच तो व्यायाम, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मग जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस वाचली. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, हे ऐकून होते. पण २०१० च्या शिफारशीत निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, ती आता काढून टाकलीये. म्हणजे पाच मिनिटंही धरायची! ते वाचून मला खरंच भरून आलं. किती दिवस मी ती पाच-पाच मिनिटं वाया घालवली होती.

आता चटई गुंडाळतच नाही. पसाऱ्याच्या मधोमध पडलेली असते, तू पाहिलीस ती निळी पट्टी तीच. मोठ्याचे दात घासून होईपर्यंत माझ्या उठाबशा होतात. दुपारी धाकटीला गाडीत बसवून भरभर चालून येते. टाचा सरकवताना ती येऊन माझ्या मांडीला टेकते. मग मी तिथेच थांबते, तिला हाकलत नाही.

पसाऱ्याचंही थोडं उमगलंय. आवरायचा वेग वाढवून भागत नाही, वस्तूच कमी हव्यात. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मी तीन खोकी भरून कपाटावर टाकली, दर पंधरा दिवसांनी एक खाली येतं आणि समोरचं वर जातं. धाकटी काल नुसती एक डबी आणि तिचं झाकण घेऊन कितीतरी वेळ बसली होती: लाव, काढ, माझ्याकडे बघ, पुन्हा लाव. कपड्यांच्या घड्यांचं मात्र अजून काही जमलेलं नाही.

म्हणून एक मागणं आहे, रागावू नकोस. वाढदिवसाला खेळणी पाठवू नका. त्याऐवजी बाबांना त्यांच्या आवाजात एखादी गोष्ट रेकॉर्ड करायला सांग, ते मला लहानपणी सांगायचे तशी, मध्ये थांबत थांबत. मोठा झोपताना ऐकेल. मीही ऐकेन.

आणि तुझे गुडघे कसे आहेत ते खरं खरं कळव. "बरे आहेत" एवढंच लिहू नकोस.

तुझी,
लेक